दारू नव्हती, बाकी सगळे होते

आपल्याकडे खाण्यापिण्याची कुठलीही नवी वस्तू आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : हलाल आहे की हराम? प्रश्न गैर नाही. श्रद्धावान माणसाने तो विचारलाच पाहिजे. गैर हे आहे की उत्तर मिळाले की आपण विचार करणेच थांबवतो. मौलवीसाहेबांनी मान हलवली, डब्यावर शिक्का सापडला, विषय संपला. वस्तू कोणाच्या हातात जाते आहे, त्या हाताचा पूर्वेतिहास काय आहे, तो हात कशाने थरथरत होता, याची चौकशी करायला मग कोणी उरत नाही.

‘बिगर-अल्कोहोल बीअर’ या नावाने मिळणाऱ्या पेयाबद्दल मला हेच म्हणायचे आहे. आखातातून सुटीवर येणाऱ्या आपल्या मुलांबरोबर हे डबे कोकणातल्या गावांत कधीचे येत आहेत. ‘बार्बिकन’ आणि ‘मूसी’ ही नावे आमच्या खाडीपट्ट्यातल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. आता तर ते तिकडून आणायचीही गरज उरलेली नाही. २०१७ मध्ये हायनेकेनने ‘०.०’ हा आकडा मिरवणारी बीअर जगाच्या बाजारात आणली आणि २०१९ मध्ये बडवायझरची तशीच बीअर भारतात आली. ती वाइन शॉपमध्ये नव्हे, तर बिस्किटांच्या आणि सरबतांच्या शेजारी मिळते. ती घ्यायला परवाना लागत नाही, वय विचारले जात नाही आणि दुकानातून बाहेर पडताना कोणी ओळखीचा तर नाही ना, म्हणून मागे वळून पाहावेही लागत नाही.

हे पेय चैन म्हणून पिणाऱ्यांशी माझे भांडण नाही. ज्याने आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही त्या माणसाने ईदच्या दिवशी माल्टचे डाळिंबाच्या चवीचे पेय प्यायले, तर त्याला मी काय म्हणून अडवावे? माझे भांडण आहे ते दारूच्या आजारातून मोठ्या कष्टाने बाहेर पडलेल्या माणसाच्या हातात हा डबा ठेवणाऱ्यांशी. आणि ‘हलाल आहे, घे’ हे वाक्य उपकार केल्यासारखे उच्चारणाऱ्यांशी तर विशेषच.

हे मी दुरून लिहीत नाही. माझा धाकटा भाऊ अकरा वर्षे दारू प्यायला. मुसलमान घरातला दारुडा ही काय चीज असते, हे ज्यांच्या घरात तो आहे त्यांनाच ठाऊक. इतर घरांत दारूचे दुःख असते. आमच्याकडे दुःखाच्या आधी लपवाछपवी असते. अम्मी शेजारणींना ‘त्याला पित्ताचा त्रास आहे’ असे सांगायची. अब्बांनी जुम्याच्या नमाजला पहिल्या सफमध्ये उभे राहणे सोडले होते. जमातीतले लोक समोर काही बोलत नव्हते आणि पाठीमागे सगळे बोलत होते. शेवटी माझी भावजय उठली, दागिने मोडले आणि त्याला व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेली. तो बरा झाला. ‘बरा झाला’ हा शब्द तिथले लोक वापरत नाहीत. आजचा दिवस प्यायला नाही, एवढेच ते म्हणतात. असे चौदा महिन्यांचे दिवस त्याने एकेक करून जोडले.

मग आमच्या चुलतभावाचा वलीमा आला. तो दम्मामला नोकरीला आहे. त्याने डब्यांचे क्रेट मागवले होते. बर्फाच्या टबात हिरवे-सोनेरी डबे ठेवलेले आणि लोक कौतुकाने उचलत होते. माझा भाऊ कोपऱ्यात पाण्याचा ग्लास धरून उभा होता. चुलतभावाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “घे रे, घाबरतोस काय? हलाल आहे. आम्ही तिकडे रोज पितो.” आजूबाजूला चार माणसे होती. त्यांतल्या प्रत्येकाला भावाचा इतिहास माहीत होता. तीही म्हणाली, घे घे. मीही होतो त्यांत. मला वाटले, चला, माणसांत मिसळतो आहे.

एकटी माझी भावजय समोरच्या बायकांच्या मांडवातून पाहत होती. तिने मला नंतर सांगितले, “भाईजान, त्यांनी ग्लास तिरका धरला. फेस येऊ नये म्हणून कडेने ओतला. तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.”

त्या रात्री काही झाले नाही. तो झिंगला नाही, झिंगणे शक्यच नव्हते. आम्ही निश्चिंत झालो. पंधरा दिवसांनी घरच्या फ्रिजमध्ये ते डबे दिसू लागले. मग त्यांची वेळ ठरली, संध्याकाळी सातची. मग बरोबर खारे शेंगदाणे आले. मग तो पुन्हा एकटा बसू लागला, खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत. वलीम्याला दोन महिने व्हायच्या आत एका संध्याकाळी डबा दुसरा होता. बाकी खुर्ची, वेळ, शेंगदाणे, सगळे जिथल्या तिथे होते.

आज तो पुन्हा सावरला आहे आणि हे लिहायला त्याने मला परवानगी दिली आहे. त्या दोन महिन्यांबद्दल त्याने जे सांगितले, ते मी मथळ्यात घेतले आहे. “दादा, त्या डब्यात दारू नव्हती. बाकी सगळे होते.”

डबा आला नसता तर तो पुन्हा घसरला नसता, असा दावा मी करत नाही. दारूच्या आजारात माणूस दहा कारणांनी घसरतो आणि अकराव्यांदा विनाकारण घसरतो. पण ‘बाकी सगळे’ म्हणजे काय, हे मी त्यानंतर समजून घेऊ लागलो, आणि जे समजले ते आपल्या लोकांना सांगणे मला कर्तव्य वाटते.

आधी आकड्यांचे पाहू, कारण वाद नेहमी तिथूनच सुरू होतो. ‘बिगर-अल्कोहोल’ याचा अर्थ देशोदेशी सारखा नाही. आपल्या देशात अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मद्यविषयक नियम २०१८ मध्ये झाले. त्यांत ०.५ टक्क्यापेक्षा अधिक अल्कोहोल असलेले पेय मद्य धरले आहे. अमेरिकेत आणि जर्मनीतही ०.५ टक्क्याखालची बीअर ‘बिगर-अल्कोहोल’ म्हणून विकता येते. हा अर्ध्या टक्क्याचा आकडा काही वैद्यकातून आलेला नाही. अमेरिकेत दारूबंदी आली तेव्हा १९१९ च्या व्होल्स्टेड कायद्याने मादक पेयाची सीमा तिथे आखली. त्या सीमेच्या आत राहून मद्यकंपन्यांनी तेव्हाही ‘जवळपास बीअर’ विकलीच. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही हा धंदा दारूबंदीच्या सावलीतच वाढला होता.

आता हिशेब करा. ०.५ टक्क्याच्या ३३० मिलिलिटर डब्यात दीड-पावणेदोन मिलिलिटर अल्कोहोल भरते. पाच टक्क्यांच्या साध्या बीअरच्या तेवढ्याच डब्यात ते साडेसोळा मिलिलिटर असते. म्हणजे दहा डबे रिचवावेत तेव्हा एका डब्याची बरोबरी. पिकलेल्या केळ्यात, पावात, फळांच्या रसातही अल्कोहोलचा अंश असतोच. तेव्हा या डब्याने नशा चढत नाही, हे मला मान्य आहे. ‘०.०’ लिहिलेल्या डब्यात तर तेवढेही नसते. ज्यांना एवढेच सिद्ध करायचे आहे त्यांनी श्रम घेऊ नयेत. मुद्दा तो नाहीच.

एक अपवाद मात्र नोंदवून ठेवतो. दारू सोडलेल्यांपैकी काहींना डॉक्टर डायसल्फिराम नावाची गोळी देतात. ती चालू असताना पोटात अल्कोहोल गेले तर चेहरा लाल होतो, छातीत धडधडते, उलट्या होतात, कधी जिवावरही बेतते. म्हणून अशा रुग्णाला अल्कोहोल असलेले खोकल्याचे औषधसुद्धा घेऊ नको म्हणून बजावतात. त्याच्या हातात ‘जवळजवळ काहीच नाही’ असा डबा देणारा माणूस काय करतो आहे, हे त्याचे त्यानेच ठरवावे.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. दारूचा आजार फक्त रक्तात नसतो, तो सवयीच्या साखळीत असतो. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हा पाव्हलोवचा प्रयोग आपण शाळेत शिकलो. दारुड्याच्या आयुष्यात अशा शंभर घंटा असतात. संध्याकाळची वेळ, डबा उघडल्याचा ‘फस्स’ आवाज, हाताला लागणारा गारवा, जिभेवरचा कडूपणा, समोरचा चकणा. वर्षानुवर्षे या प्रत्येक घंटेनंतर मेंदूला दारू मिळालेली असते. घंटा वाजवायची आणि दारू द्यायची नाही, म्हणजे तलफ मरते असे नव्हे. पुष्कळांच्या बाबतीत ती जागी होते.

२०१३ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी ४९ पुरुषांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांना पंधरा मिनिटांत अवघी पंधरा मिलिलिटर बीअर जिभेवर थोडी थोडी फवारून चाखवली. नशा येण्याचा प्रश्नच नव्हता, उरली होती ती केवळ चव. तेवढ्यानेही मेंदूच्या सुख आणि ओढ यांच्याशी संबंधित भागात डोपामिन स्रवल्याचे त्यांना दिसले. खेळाडू पितात त्या साध्या पेयाने तसे झाले नाही. आणि ज्यांच्या रक्ताच्या नात्यात दारूचे व्यसन होते त्यांच्यात हा परिणाम अधिक ठळक होता. ही माणसे व्यसनमुक्तीच्या वाटेवरची नव्हती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण नशेशिवाय नुसती चव मेंदूला हलवू शकते एवढे तरी त्यातून कळते. तेवढे कळले तरी वलीम्याच्या मांडवातला तो तिरका ग्लास मला उलगडतो.

अमेरिकेत १९३५ मध्ये दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरण्यासाठी सुरू केलेली ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ आज महाराष्ट्राच्या लहान-मोठ्या गावांत बैठका घेते. त्यांच्यात एक उक्ती वर्षानुवर्षे चालत आली आहे. तिचा आशय असा, की बिगर-दारूची बीअर ही बिगर-दारुड्यांसाठी असते. हसण्यावारी नेण्यासारखी ती नाही. पडून, लागून, उठलेल्या माणसांचा तो अनुभव आहे. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्राने महाराष्ट्राला जे शिकवले त्यातला गाभाही हाच, की दारू सोडणे म्हणजे नुसती बाटली सोडणे नव्हे. बाटलीभोवती उभे केलेले जगणे बदलावे लागते. मित्र बदलावे लागतात, संध्याकाळ बदलावी लागते, घरी यायचा रस्तासुद्धा कधी कधी बदलावा लागतो. आणि आपण काय करतो? रस्ता तोच, संध्याकाळ तीच, ग्लास तोच ठेवतो. आतला द्रव तेवढा बदलतो आणि याला ‘मदत’ म्हणतो!

इथे मला आपल्या धर्मपरंपरेकडे वळायचे आहे, कारण ‘हलाल आहे’ म्हणणारे तिच्याच नावाने बोलतात. कुरआनात दारूबंदीचा हुकूम एका दमात आला नाही, हे आपण वाझमध्ये नेहमी ऐकतो. आधी नफ्यापेक्षा तोटा मोठा असल्याचे सांगितले गेले, मग नशेत नमाजजवळ जाऊ नका असे सांगितले गेले, आणि शेवटी ती पूर्ण वर्ज्य झाली. शेवटचा हुकूम आला तेव्हा मदिनेच्या गल्ल्यांतून दारू वाहिली, ही हकीकतही आपल्याला पाठ आहे. पण याच काळातली दुसरी एक गोष्ट आपण कमी वेळा ऐकतो.

अब्दुल कैस कबिल्याचे लोक रसूलल्लाहांकडे आले तेव्हा त्यांना जे हुकूम मिळाले त्यांत काही भांड्यांची मनाई होती. वाळलेल्या भोपळ्याचे भांडे, हिरवा रोगण दिलेला घडा, खजुराचा बुंधा कोरून केलेले भांडे आणि डांबर लावलेले भांडे. लक्षात घ्या, मनाई दारूची तर होतीच, पण इथे भांड्यांचीही होती. त्यांत खजूर भिजवून साधे गोड पाणी, नबीज, करून पिणेही मना होते. पुढे काही काळाने ही मनाई उठली. कुठल्याही भांड्यात प्या, फक्त नशा आणणारे काही पिऊ नका, अशी मुभा मिळाली.

भाष्यकारांनी याची दोन कारणे दिली आहेत. एक, त्या भांड्यांत पेय लवकर आंबते आणि कळत नाही. दुसरे कारण मला फार मोलाचे वाटते. लोक नुकतेच दारूपासून दूर झाले होते. ती भांडी त्यांच्या ओळखीची होती. सवय ताजी होती. सवय मोडली, मने स्थिर झाली, तेव्हा भांड्यांवरची मनाई उठली.

चौदाशे वर्षांपूर्वी जे ओळखले गेले ते आपल्याला आज प्रयोगशाळेने सांगावे लागते. भांड्यात दारू नाही, तरी भांडे आठवण करून देते. ज्याची सवय ताजी आहे त्याच्यासाठी भांडेही धोक्याचे. मी आलिम नाही, फतवा देण्याचा माझा अधिकार नाही. पण एवढे विचारण्याचा अधिकार प्रत्येक वाचणाऱ्या माणसाला आहे : बीअरसारखा दिसणारा, बीअरसारखा फेसाळणारा, बीअरचेच नाव लावणारा हा डबा आजचे ‘भांडे’ नाही तर काय आहे? आणि व्यसनमुक्तीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातला माणूस हा आजचा ‘नुकताच दारूपासून दूर झालेला’ माणूस नाही तर कोण आहे? आपल्या फिक्हमध्ये ‘सद्द-ए-जराए’ नावाचे तत्त्व आहे. वाईटाकडे नेणारी वाट, ती स्वतः वाईट नसली तरी, बंद करायची. बायकांच्या शिक्षणाचा, सिनेमाचा, संगीताचा प्रश्न आला की हे तत्त्व आपल्याला लगेच आठवते. मुलगी कॉलेजात गेली तर बिघडेल म्हणून वाट बंद करणारे लोक, दारुड्याच्या हातात बीअरचा डबा देताना मात्र वाट उघडी ठेवतात. तत्त्व वापरायचेच असेल तर जिथे खरोखर खड्डा आहे तिथे वापरा ना!

आता माझ्याविरुद्धचे मुद्दे. ते खोटे नाहीत, म्हणून टाळत नाही.

पहिला मुद्दा असा, की पुष्कळ लोक या पेयाच्या आधाराने दारू कमी करतात. करत असतील. ज्याला व्यसन जडलेले नाही, पण पिणे वाढत चालले आहे, अशा माणसाने दुसऱ्या ग्लासाऐवजी हा डबा घेतला तर त्याचा फायदाच आहे. व्यसनातून बाहेर पडून दहा-पंधरा वर्षे झालेली काही माणसेही हे पेय घेतात आणि त्यांना काही होत नाही. पण बुडत्याला बाहेर काढणारा दोर आणि पोहणाऱ्याच्या गळ्यातला टॉवेल यांत फरक असतो. एकाला चालले म्हणून दुसऱ्याला चालेल, हा नियम औषधाला लागू नाही, तर या डब्याला कसा लागू होईल? आणि कोणाला चालेल, कोणाला नाही, हे वलीम्याच्या मांडवात पाहून कळत नाही. ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

दुसरा मुद्दा म्हणजे तो वयात आलेला माणूस आहे, त्याचे त्याला ठरवू द्या. शंभर टक्के मान्य. त्यानेच ठरवावे, आपल्या डॉक्टरशी, समुपदेशकाशी, बायकोशी बोलून, शांत डोक्याने, घरी बसून ठरवावे. पण चार नातेवाइकांच्या घोळक्यात, खांद्यावर हात आणि पुढे डबा, अशा वेळी तो ठरवत नसतो. आपण त्याच्या वतीने ठरवत असतो. त्याने ‘नको’ म्हटले तर ‘अजून भीती गेली नाही वाटते’ असे हसणार कोण? आपणच. त्या हसण्याला भिऊन घेतलेला डबा हा त्याचा निर्णय नव्हे.

तिसरा मुद्दा सगळ्यांत नाजूक आहे. दारू सोडलेला माणूस एकटा पडतो. लोकांच्या हातात ग्लास असतात, याचा हात रिकामा असतो. त्याला सामावून घ्यायला नको का? घ्या ना! पण सामावून घेण्यासाठी बीअरच हवी, हे आपल्याला कोणी शिकवले? ज्या समाजाच्या दावतीत सरबताचे हंडे असत, ज्या कोकणात रातांब्याचे आगळ घरोघर असते, तिथे पाहुणचाराला बीअरची नक्कल लागावी? कोकम सरबत, सोलकढी, लिंबू सरबत, सुलेमानी चहा, रमजानात घरोघर फिरणारे गुलाबी सरबत. यांतल्या कशानेही कोणाच्या मेंदूतली जुनी घंटा वाजत नाही. नीरा मात्र मी या यादीत मुद्दाम घातलेली नाही. पहाटे उतरवलेली नीरा निर्मळ असते, पण उन्हे चढली की तीच माडी होते. ज्याचे व्यसन माडीचे होते त्याला मी नीराही देणार नाही. झाड तेच, मडके तेच.

या नकलेचा आग्रह कोणाला आहे, तेही पाहिले पाहिजे. आपल्या देशात केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांनी दारूच्या जाहिरातीला मनाई केली. मग मद्यकंपन्यांनी त्याच नावाचा सोडा, त्याच नावाचे पाणी, त्याच नावाच्या गाण्यांच्या सीडी जाहिरातींत आणल्या. लोक सोडा पाहत होते, मनात बाटली उमटत होती. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा आडवळणाच्या जाहिरातींना मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली. त्याच वर्षी कतारमध्ये फुटबॉलचा विश्वचषक झाला. स्पर्धेला दोन दिवस उरले असताना स्टेडियमजवळची बीअरविक्री बंद झाली. पण त्याच कंपनीची बिगर-अल्कोहोल बीअर स्टेडियममध्ये मिळत राहिली. म्हणजे दारू अडली, नाव अडले नाही. ‘०.०’ चा डबा हा कंपनीच्या दृष्टीने पेय आहेच, पण तो चालताबोलता फलकही आहे. जिथे फलक लावायला बंदी आहे तिथे तो आपल्या फ्रिजमध्ये, आपल्या दस्तरखानावर, आपल्या पोरांच्या हातात जाऊन उभा राहतो. आणि आपण त्याला ‘हलाल’ म्हणून जागा करून देतो.

पण कंपन्यांना दोष देऊन मोकळे होणे मला जमणार नाही. खरा दोष घरात आहे. ‘आपल्यात दारू नसते’ हे वाक्य आपण इतक्यांदा उच्चारले आहे की ते आपल्याला वस्तुस्थिती वाटू लागले आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली व्यसनांची देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार दारूमुळे त्रस्त होऊन मदतीची गरज असलेले लोक देशात पावणेसहा कोटींच्या घरात आहेत आणि दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे केवळ एकाला काही ना काही उपचार मिळालेला आहे. या पावणेसहा कोटींत आपली मुले नाहीत, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे. ती आहेत. रिक्षा चालवणारी आहेत, यंत्रमागावरची आहेत, बोटीवरची आहेत, आणि चांगल्या पगाराची, इस्त्रीच्या कपड्यांतलीही आहेत. आपण ‘नाहीत’ म्हणतो म्हणून त्यांच्या बायका डॉक्टरकडे जात नाहीत. आपण ‘गुनाह’ म्हणतो आणि थांबतो. गुनाह आहेच, पण आजारही आहे. गुनाहाला तौबा लागते, आजाराला उपचार लागतो, आणि दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत. जो समाज आजाराचे नावच घेत नाही त्याला आजारातून उठलेल्या माणसाशी कसे वागावे, हे कुठून कळणार? म्हणून तर डबा त्याच्यापुढे करताना चौघांपैकी एकाचाही हात अडखळला नाही. माझाही नाही.

तेव्हा माझे मागणे साधे आहे. पहिले, दारू सोडलेला माणूस ज्या दावतीत येणार आहे तिथे बीअरची नक्कल ठेवू नका. चार डबे कमी झाले म्हणून कोणाचा वलीमा बिघडलेला नाही. दुसरे, त्याने ‘नको’ म्हटले की एकदाच ऐका, कारण विचारू नका. तिसरे, आपण स्वतः या वाटेवर असाल तर ‘हलाल आहे का’ हा प्रश्न मौलवीसाहेबांना जरूर विचारा, पण ‘मला चालेल का’ हा प्रश्न आपल्या समुपदेशकाला आणि आपल्या बायकोला विचारा. तिने ग्लासाचा तिरकेपणा आधी ओळखलेला असतो. आणि चौथे मागणे आपल्या इमामसाहेबांकडे. वर्षातून एक जुम्याचा खुत्बा दारूच्या सजेवर नको, दारूच्या आजारावर द्या. जवळच्या व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता मशिदीच्या फळ्यावर लिहा. जनाजाची वेळ लिहितो त्याच फळ्यावर.

शेवटी पुन्हा एक हकीकत. दारू पिऊन वारंवार पकडला जाणारा एक माणूस रसूलल्लाहांसमोर आणला गेला. त्याला सजा झाली. लोकांपैकी कोणीतरी त्याला शाप दिला. रसूलल्लाहांनी शाप देणाऱ्याला थांबवले. आपल्या भावाविरुद्ध सैतानाला मदत करू नका, अशा अर्थाचे ते बोलले, असे हदीसमध्ये येते. आजवर मी या हदीसचा अर्थ असा लावत होतो, की पडलेल्या माणसाला शिव्या देऊ नका. त्या वलीम्यानंतर मला तिचा दुसराही अर्थ दिसतो. पडलेल्याला शाप देणे ही सैतानाला मदत आहे. आणि उठून उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात हसत हसत डबा ठेवणे, हीसुद्धा.

माझा भाऊ आता दावतींना पुन्हा येऊ लागला आहे. गेल्या ईदला माझ्याकडे आला तेव्हा मी त्याच्यापुढे कोकम सरबताचा ग्लास ठेवला. त्याने तो सरळ धरला आणि सरळ ओठांना लावला. माझी भावजय स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. तिने काही म्हटले नाही, आत जाऊन ती शीरखुर्मा वाढू लागली.